माझ्या वहीतला फॉरवर्ड

साडीचा धागा कापायचा तर साडी उलटी धरावी लागते. सुलट बाजूला फुलं दिसतात, मोर दिसतात. पण एम्ब्रॉयडरीचं मशीन एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे जाताना पाठीमागून धागा तसाच ओढत नेतं, आणि तो लोंबणारा धागा कात्रीनं साफ करायचा असतो. सुरतेत, गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत निम्म्या बायका हे काम घरबसल्या करतात. धागा कटिंग म्हणतात त्याला. सासर सोडून आल्यापासून मीही तेच करत होते. बास्केटबॉल मला कळतो तो या कामामुळे, असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. ज्यांनी जन्मात कापडाची मागची बाजू पाहिली नाही त्यांना काय सांगायचं.

तशी मी खेळलेही आहे. लिंबायतच्या शाळेत सिमेंटचं मैदान होतं, दोन बोर्ड होते, रिंगला जाळी मी कधीच पाहिली नाही. मी मुलींच्या टीममध्ये फॉरवर्ड, म्हणजे रिंगखाली धक्के खाणारी आणि देणारी. दहावीत वडिलांनी ‘आता पुरे’ म्हटलं आणि ते पुरे झालं. पुढे लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. मी परत आले तेव्हा वडील नव्हते. घर धाकट्या भावाच्या नावावर होतं, गॅस भावाच्या नावावर होता, माझ्या मोबाइलचं सिमकार्डसुद्धा भावाच्याच नावावर काढलेलं. आम्हा धुळ्याकडच्यांच्या घरांत हे असंच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

भाऊ रिंग रोडच्या मार्केटमध्ये साडीच्या दुकानात सेल्समन होता. कॉलेजात असताना तो उधन्याच्या मैदानावर खेळायचा, आणि तिथल्या दहा मित्रांनी मिळून मोबाइलवर फँटसी लीग काढली होती. अमेरिकेतल्या खऱ्या खेळाडूंमधून आपापली टीम निवडायची. खऱ्या सामन्यात तुमच्या खेळाडूनं पॉइंट केले, रिंगवरून परत आलेला बॉल पकडला म्हणजे रिबाउंड, दुसऱ्याला पास देऊन बास्केट करवून घेतली म्हणजे असिस्ट केला, की ते आकडे तुमच्या टीमला लागतात. बॉल हातून घालवला की आकडा घसरतो. पैसे लावलेले नव्हते. सगळ्यांत शेवटी येईल त्यानं बाकीच्या नऊ जणांना लोचो, म्हणजे सुरतेचा तो वाफवलेला डाळीचा नाश्ता, खाऊ घालायचा, एवढीच शिक्षा. माझ्या भावानं लागोपाठ दोन वर्षं खाऊ घातला.

तिकडचे सामने आपल्याकडे सकाळी लागतात. भाऊ दहाला दुकानात निघायचा, तोवर त्याचा फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा. मी दाराजवळ उजेडात साड्या घेऊन बसायचे. भावजय पोळ्या लाटायची, आई निवडणं-टिपणं करायची, आणि माझा एक डोळा साडीत, एक डोळा सामन्यात. त्या दिवसांत मी सुखी होते, हे आता कबूल करायला माझ्या जिवावर येतं.

एका सकाळी भाऊ वैतागून म्हणाला, “ताई, ह्या फॉरवर्डले मी काढी टाकस. थोडासा खेळस अन् बठी जास.”

मी म्हटलं, “तू त्याना आकडा देखस. त्याले देख.”

हा फॉरवर्ड तिसऱ्या वर्षात होता. उंच, लांब हातांचा, खांदे अजून भरायचे होते. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. या सगळ्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. पहिल्या वर्षी त्याचा गवगवा फार झाला. दुसऱ्या वर्षी त्याची टीम इतकी हरत होती की त्याला खेळवण्यावाचून इलाज नव्हता, त्यामुळे त्याचे आकडे फुगले, आणि फँटसीवाले त्याच्यावर तुटून पडले. तिसऱ्या वर्षी टीमनं एक भारदस्त, अनुभवी खेळाडू आणून रिंगखाली उभा केला आणि याची खेळायची मिनिटं कापली. आकडे कोसळले. जे आदल्या वर्षी त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते तेच आता त्याला यादीतून काढून टाकत होते.

मी त्याला बॉल हातात नसताना बघायचे. कुणी शॉट मारला की बाकीचे माना वर करून बॉलकडे बघत राहतात. हा पठ्ठ्या आधी मागे वळायचा, आपल्या वाट्याच्या माणसाला पाठीनं अडवायचा आणि पाय रोवून तसाच उभा राहायचा. मग बॉल अलगद त्या भारदस्त गड्याच्या हातात यायचा आणि रिबाउंड त्याच्या नावावर लागायचा. याला काही नाही. पास देण्याचंही तेच. मोकळा माणूस याला कुणाच्याही आधी दिसायचा, बॉल नेमका त्याच्या छातीशी जायचा, आणि तो माणूस शॉट चुकवायचा. पास घेणाऱ्यानं शॉट चुकवला की असिस्ट लागत नाही. म्हणजे याचं अर्धं काम कुठल्याच आकड्यात उतरत नव्हतं. आणि एक गोष्ट भावाला दाखवायला मी फोन मागे-मागे नेऊन तीन वेळा सामना लावला. आदल्या वर्षी हा उडी मारून खाली यायचा तो एकट्या डाव्या पायावर. बघताना माझा गुडघा दुखायचा. या वर्षी तो दोन्ही पाय टेकवत होता. मिनिटं कापली म्हणून रुसून बसलेला माणूस पाय टेकायची सवय बदलत नाही. याला कुणीतरी शिकवत होतं आणि हा शिकत होता.

भावानं त्याला काढला नाही. मी एका जुन्या डायरीत, कापड मार्केटची दिवाळीची भेट म्हणून आलेली असते तशी, त्याच्याबद्दल लिहायला लागले. आधी दोन ओळी, मग पान, मग प्रत्येक सामन्याला पान. त्याच्या फँटसीतल्या किमतीचं एक टिपण आणि त्याच्या वाढीचं दुसरं, कारण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत हे मला लवकर कळलं होतं. किंमत त्या आठवड्याची असते. ती मिनिटांवर असते, सोबत कोण खेळतंय त्यावर असते, कोण जखमी आहे त्यावर असते. वाढ गुपचूप चाललेली असते आणि कधीकधी किंमत पडलेली असतानाच सगळ्यांत जास्त होते. माझा निकाल मी तेव्हाच लिहून ठेवला होता: या वर्षी ठेवून द्या, फेकू नका. चांगला शूटर सोबतीला आला की असिस्ट वाढतील. भारदस्त खेळाडू थकला की रिबाउंड याच्याकडे येतील. ब्लॉकची, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेत अडवण्याची, आशा धरू नका, टाळ्या घ्यायला उड्या मारणारा हा नाही. स्टार होणार नाही, पण पुष्कळ वर्षं खेळेल.

मोसम संपायला दोन महिने असताना भारदस्त गड्याची पाठ धरली आणि माझ्या फॉरवर्डला मिनिटं मिळाली. भावाची टीम शेवटून उठून दुसरी आली. मित्रांच्या ग्रुपवर त्याचं कौतुक चाललं, ‘भाई, तेरी नजर को मानना पड़ेगा.’ त्यानं मला दाखवलं आणि विचारलं, “सांगू का, तू सांगितलं म्हणून?” मीच म्हटलं, राहू दे. त्या पोरांना कळलं असतं की ही अक्कल बहिणीची, तर त्याची टिंगल झाली असती. मला त्याची टिंगल नको होती. हे मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं, हे विसरायची सोय नाही.

पुढचा मोसम लागला तेव्हा ती जाहिरात आली. फँटसी खेळणाऱ्यांसाठी हिंदीत लेख देणारी एक ऑनलाइन कंपनी घरून लिहिणारी माणसं शोधत होती. परीक्षा एवढीच की एखादा तरुण फॉरवर्ड निवडायचा आणि त्याची या मोसमातली किंमत नि पुढची वाटचाल लिहून पाठवायची. जाहिरात भावानंच मला दाखवली. “ताई, हे तुझंच काम आहे,” म्हणाला. त्याचे ते शब्द अगदी मनापासूनचे होते, असं मला आजही वाटतं. त्या क्षणी तो खोटा नव्हता.

धाग्यांनी माझ्या बोटांची सालं निघालेली असायची. पण बोटांचं मला फारसं काही नव्हतं. मला माझं काम हवं होतं. कुणी विचारलं, काय करता, तर सांगता येईल असं, आणि ज्याच्या जोरावर भावाच्या घरातून उठून आपल्या खोलीत जाता येईल असं. भावजय वाईट नव्हती, पण तिच्या स्वयंपाकघरात मी किती वर्षं पाहुणी म्हणून राहणार होते? ती नोकरी मला मिळाली असती तर मी त्या घराची पाहुणी राहिले नसते, इतकं ते सरळ होतं.

चार दिवस बसून मी लेख लिहिला. डायरीतलं सगळं गाळून, चाळून. त्यात एक वाक्य होतं, ते माझं मलाच आवडलं होतं: ‘रिबाउंड कोणाच्या नावावर लागला ते सगळे बघतात, जागा कोणी अडवून धरली होती ते बघा.’ मी मराठीत लिहिलं, भावानं हिंदीत टाइप केलं, कारण लॅपटॉप त्याचा आणि हिंदी टायपिंगही त्यालाच येत होतं. अर्ज त्याच्या ई-मेलवरून गेला, ओटीपी त्याच्या नंबरवर आला. मी शेजारी बसून आनंदानं बघत होते. नाव कुठलं भरलं ते मी बघितलं नाही. भाऊ भरत असताना बहीण मान वाकडी करून तपासत नाही. आमच्यात ते बरं दिसत नाही.

महिना गेला. मी विचारायचे, तो म्हणायचा, “काही आलं नाही, ताई. मोठ्या कंपन्या, वेळ लागतो.” दुसऱ्या महिन्यात मी विचारणं सोडलं. लेख फसला, आपली धाव दारातल्या साडीपुरतीच, अशी मनाची समजूत घातली.

एक बदल मात्र मला सुखावत होता. भाऊ माझं ऐकायला लागला होता. आधी सामना चालू असताना मी काही म्हटलं तर हूं हूं करायचा. आता स्वतः चहा आणून शेजारी बसायचा, फोन पालथा घालून डब्यावर ठेवायचा आणि विचारायचा, “ताई, त्या नवीन शूटरमुळे आपल्या फॉरवर्डला फायदा होईल ना? कसा होईल? नीट सांग.” मी नीट सांगायचे. शूटरला अडवायला दोघं धावतील, मग कोपरा मोकळा होईल, मग हा तिथे कसा सरकेल, हे मी साडीवर बोटानं काढून दाखवायचे. कुणी आपलं इतकं मन लावून ऐकतंय, ही गोष्ट माझ्या आयुष्यात फारशी घडली नव्हती. एक दिवस तो घारीचं, त्या तुपातल्या सुरती मिठाईचं, खोकं घेऊन आला, दुकानाच्या शेठनं दिलं म्हणाला. आईनं देवापुढे ठेवलं. मी दोन घाऱ्या खाल्ल्या.

फोन आला तेव्हा भाऊ आंघोळीला गेला होता. त्याच्या फोनचा कानाजवळचा आवाज बिघडलेला, त्यामुळे तो नेहमी स्पीकरवरच बोलायचा, आणि उचलला की स्पीकर आपोआप सुरू व्हायचा. दुकानातून असेल म्हणून मी उचलला.

एका बाईचा आवाज होता, गोड, घाईतला. “सर हैं क्या? मैं उनके लेख एडिट करती हूँ. उनका तीसरा लेख मिल गया. बहुत अच्छा है, पहले वाले की तरह. वो जो लाइन थी ना उनकी, जगह किसने रोकी थी वाली, हमने तो ऑफिस में लगा रखी है.”

मी म्हटलं, सर आंघोळीला गेलेत.

“आप मिसेज़ हैं?”

मी म्हटलं, नाही. बहीण. आणि फोन ठेवला.

माझ्या हातात कात्री होती. मी ती खाली ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली. मोरीत पाण्याचा आवाज येत होता. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल तर तो हा की फोन पालथा का ठेवायचा तो. मी तो फोन उघडला. कुलूप घालायची पद्धत आमच्या घरात नव्हती. रेकॉर्डिंगच्या जागी माझा आवाज होता. एकामागून एक सकाळी, तारीखवार, माझा आवाज. एका रेकॉर्डिंगमध्ये मी हसतेय आणि म्हणतेय, अरे, लिहून घेतो आहेस का काय, इतकं काय विचारतोस.

तो बाहेर आला, टॉवेलनं डोकं पुसत. फोन माझ्या हातात पाहिला आणि त्याला कळलं.

“तुनं नाव टाकं व्हतं, ताई,” तो म्हणाला. “देवाशपथ टाकं व्हतं. त्यास्नी आधार मांगं. तुनं आधार आजून सासरनं शे. नाव येगळं, पत्ता येगळा. मंग मी मन्हं टाकी दिधं.”

“अन् माले काबरं नही सांगं?”

“तुले वाईट वाटी म्हनीसन.”

आधारची गोष्ट खरी होती. फारकतीचे कागद अडकले होते, म्हणून माझं आडनाव अजून सासरचंच होतं. खोट्यात मिसळलेलं एवढंसं खरं होतं, आणि त्यामुळेच माझी तडफड झाली. निखळ खोटं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकून मोकळी झाले असते. त्यानं पहिल्या दिवशी येऊन सांगितलं असतं, की ताई, असा घोळ आहे, माझ्या नावानं चालवू, तर मी हो म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं. मी त्याला सगळं हसत दिलं असतं, आणि त्यानं ते चोरून घेतलं. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी आईकडे वळले. आई मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, आणि तिथेच मला दुसरा फटका बसला. तिला माहीत होतं. भावजयीला माहीत होतं. घारी कुठल्या शेठनं दिली नव्हती.

“घरमा एकले भेटनं काय, दुसराले भेटनं काय,” आई मेथीकडेच बघत म्हणाली. “तो काय परका शे का? तुना भाऊ शे.”

मी काही वर्षांपूर्वी गावच्या वावरावरचा हक्क सोडला होता. आमच्याकडे बहिणी सोडतात. तलाठ्यासमोर सही केली, भावानं हिरवी साडी दिली, आईनं कुंकू लावलं, सगळे जेवलो. तेव्हा मला कुणी विचारलं तरी होतं, सही माझ्या हातानं झाली होती. आईला वाटलं असणार, हेही तसंच. बहिणीच्या हातात काही आलं तर ते शेवटी भावाकडे जायचं, मग ते वावर असो की डोकं. तिच्या लेखी त्यात चोरी कुठे होती? केसानं गळा कापला जातो तेव्हा कापणाऱ्यालाही बऱ्याचदा पत्ता नसतो. माझ्या भावाला होता. म्हणून तर फोन पालथा असायचा.

त्या दिवसापासून मी सामन्यांविषयी तोंड उघडलं नाही. चार दिवसांनी भाऊ परत चहा आणून शेजारी बसायला लागला. “ताई, आपल्या फॉरवर्डचं काय वाटतं?” मी म्हणायचे, “काही वाटत नाही.” त्याचा पुढचा लेख मी भावजयीच्या फोनवर वाचला. त्यानं स्वतः लिहिला होता. आकड्यांची रांग, आणि शेवटी सल्ला की या फॉरवर्डला आता देऊन टाका, याची किंमत आणखी पडेल. वाचून माझं डोकं फिरलं. माझ्या खेळाडूबद्दल, माझ्या वाक्यांनी कमावलेल्या नावाखाली, हा माणूस उलटं लिहीत होता. फॉरवर्डची मिनिटं त्या आठवड्यात कमी होती ती घोटा मुरगळला म्हणून, आणि तो परत आला तेव्हा कोपऱ्यातून पास देत होता ते मी स्वतः पाहिलं होतं. भावानंही पाहिलं होतं, माझ्या शेजारी बसून. त्याला दिसलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की स्वतः अर्ज करायचा. कंपनी माणसं घेतच होती. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीला मी माझं पान वाचून दाखवलं आणि तिनं हिंदीत टाइप करून दिलं. नाव माझं, आडनाव सासरचं, आधारवर आहे ते. पत्त्यात सुरत. माझं सिम भावाच्या नावावरचं, म्हणून फोन नंबर शेजारणीचा दिला, तिला विचारून. खेळाडू निवडायची वेळ आली तेव्हा ती मुलगी म्हणाली, “दीदी, कोई भी चलेगा.” कुणीही चालला असता. मी कुणीही दुसरा निवडायला हवा होता, हे आज मला लख्ख दिसतं. पण मला दुसरा नको होता. तो फॉरवर्ड माझा होता. त्याचा पाय कसा टेकतो ते मी आधी पाहिलं होतं, त्याला यादीतून काढू नका हे मी आधी म्हटलं होतं, आणि त्याच्यावर लिहायचा हक्क मी कुठल्याही कागदावर सोडलेला नव्हता. म्हणून मी त्याच्यावरच लिहिलं, आणि भावाच्या लेखाच्या बरोबर उलट लिहिलं: याला देऊ नका. मोसमाच्या शेवटी हाच तुमच्या कामाला येईल. जागा अडवण्याबद्दल जे लिहायचं ते पुन्हा लिहिलं, कारण ते माझं होतं आणि खरं होतं.

भावाला मी सांगितलं नाही. लपवलं असं नाही. त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्या फॉरवर्डनं काय केलं ते ज्यांनी बघितलं त्यांना ठाऊक आहे. मी इथे आकडे देत बसत नाही. आता मी उधन्याला एका खोलीत राहते, अजून साड्याच करते, आणि तो आता त्याच्या टीमचा पहिल्या पाचांतला खेळाडू आहे. भावाच्या एका मित्रानं त्याला आपल्या यादीतून मधेच सोडून दिलं आणि मग डोक्याला हात लावला, हेही माझ्या कानावर आलं. माझं बरोबर ठरलं याचा आनंद मला व्हायला हवा होता. झाला, पण तो मी कुणाला सांगणार होते?

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा अर्ज करून दोन आठवडे झाले होते. सकाळचे दहा वाजत आले होते, सामना चालू होता. भाऊ ओट्यावर पायात बूट घालत बसला होता, मी उंबऱ्याच्या आत साडी पसरून. आमच्यात तीन-चार हातांचं अंतर असेल. त्याचा फोन वाजला, त्यानं उचलला, आणि तोच गोड, घाईतला आवाज ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असा आला.

“सर, एक बात पूछनी थी. एक लेडी की एप्लीकेशन आई है, आपके ही सूरत से. उसी फॉरवर्ड पर लिखा है. लिखा अच्छा है, पर बहुत मिलता है आपसे. वो जगह रोकने वाली बात भी वैसी की वैसी है.” मग तिनं माझं नाव वाचलं, सासरच्या आडनावासकट, थोडं अडखळत. “आप जानते हैं इनको?”

भावानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. एक बूट पायात, एक हातात. मी साडी खाली ठेवली. मला खरंच वाटलं, आता तो सांगेल. इतकं सगळं झाल्यावरही मला तसं वाटलं. तो माझ्या पाठीवर बसून लहानाचा मोठा झाला होता, आणि मी त्याच्याकडे बघत होते, त्यानं एक शब्द बोलायचा होता. माझी बहीण आहे, एवढंच. बाकी सगळं मी सांभाळलं असतं. त्याची नोकरीही सांभाळली असती.

त्यानं डोळे हलवले नाहीत. माझ्याकडे बघतच तो फोनमध्ये म्हणाला, “नहीं मैडम, मैं नहीं जानता. किसी ने कॉपी किया होगा.”

“वही मुझे लगा. ठीक है सर, रिजेक्ट कर देती हूँ.”

फोन बंद झाला. आतून आईनं विचारलं, कुणाचा फोन होता. “दुकानचा,” तो म्हणाला, आणि दुसरा बूट घालायला खाली वाकला. त्याची लेस बांधून होईपर्यंत मी त्याच्या डोक्याकडे बघत बसले. मी त्याची सख्खी बहीण आहे, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.